नकार देताना अडकलेला प्रोसेसर

एफ० ०एफ सी७ सी८. नोव्हेंबर १९९७मध्ये हे चार बाइट जाहीर झाले, आणि इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरवर चालणारा संगणक कोणत्याही साध्या प्रोग्रामला जागच्या जागी थांबवता येतो हे सगळ्यांना कळलं. त्यासाठी ॲडमिनचे अधिकार लागत नव्हते, ऑपरेटिंग सिस्टिममधली पळवाट शोधावी लागत नव्हती. ही सूचना प्रोसेसरसमोर आली की माऊस थिजायचा, कीबोर्ड दाद द्यायचा नाही, नेटवर्कही गप्प. रीसेट करण्यावाचून इलाज नसायचा. चिपला कायमची इजा होत नसे, पण सेव्ह न केलेलं काम गेलेलंच.

प्रोसेसर हँग करणाऱ्या सूचना त्याआधीही होत्या. मोटोरोला ६८०० या चिपच्या कागदपत्रांत नसलेल्या सूचनांवर जेरी व्हीलर यांनी डिसेंबर १९७७च्या 'बाइट' मासिकात लेख लिहिला. ९डी किंवा डीडी हा बाइट दिला की ती चिप सगळं सोडून मेमरीचे पत्ते ओळीने मोजत सुटायची आणि रीसेट केल्याशिवाय थांबायची नाही. 'हॉल्ट अँड कॅच फायर' हे नाव अशा सूचनांना चिकटलं ते तेव्हापासून. ६५०२ या चिपमध्ये तर प्रोसेसर बंद पाडणारे बारा ऑपकोड, म्हणजे सूचनांचे क्रमांक, होते. पण त्या काळी अशा चिपवरचा संगणक एका वेळी एकाच माणसाच्या हातात असायचा. त्याने तो अडकवला, तर खोळंबा त्याचाच.

इंटेलच्या ८०२८६ने १९८२मध्ये आणि ८०३८६ने १९८५मध्ये वेगळी हमी दिली. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सगळे अधिकार, इतर प्रोग्रामना मोजकेच. प्रोसेसर थांबवणारी 'एचएलटी' ही सूचना साध्या प्रोग्रामने दिली, तर चिपनेच ती नाकारायची आणि कर्नलला कळवायचं. एकाच सर्व्हरवर अनेक जण काम करू शकतात ते या नकाराच्या भरवशावर. सुरुवातीच्या त्या बाइटांवरून 'एफ००एफ' म्हटल्या जाणाऱ्या दोषाचं महत्त्व इथेच आहे: चूक नेमकी नकार देण्याच्या वाटेवर होती.

बाइट उलगडून पाहू. ०एफ सी७ ही मेमरीतले आठ बाइट तपासून बदलणारी सूचना. शेवटचा सी८ सांगतो, की मेमरीऐवजी चार बाइटांचं एक रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी जागा, घ्या. त्यात आठ बाइट मावणारच नाहीत, म्हणून सूचना अवैध. पेंटियमला हे बरोबर ओळखता येत होतं. अवैध सूचना दिसली की अपवादांच्या, म्हणजे मध्येच उठणाऱ्या अडचणींच्या, टेबलमधली ६ क्रमांकाची नोंद वाचायची आणि तिथे दिलेल्या पत्त्यावर कर्नलकडे जायचं, असा नियम. पण सुरुवातीचा एफ० म्हणजे 'लॉक': हे काम पुरं होईपर्यंत मेमरीची बस, म्हणजे तिच्याकडे जाणारी वाट, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. सूचना रद्द झाली तरी हे कुलूप सुटत नसे. टेबलमधली नोंदही कुलपासकट वाचली जायची आणि वाचनानंतर कुलूपबंद लेखन होईल याची वाट पाहिली जायची. ते लेखन कधी येणारच नव्हतं. कर्नलला पत्ताही लागत नसे.

आदल्या गाजलेल्या चुकीशी याची तुलना करावीशी वाटते. १९९४मध्ये प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेंटियमचा भागाकार चुकतो असं आढळलं होतं, आणि त्यापायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. बोलबाला त्या चुकीचा जास्त झाला. माझ्या मते एफ००एफ अधिक मुळावर येणारी होती. चुकलेला भागाकार पडताळून पाहता येतो. इथे पडताळणारा कर्नलच जागेवर नव्हता.

आणि तरीही उपाय सॉफ्टवेअरमधून निघाला, तो मला आजही विलक्षण वाटतो. टेबलमधली प्रत्येक नोंद आठ बाइटांची. ० ते ६ या सात नोंदींचे ५६ बाइट मेमरीच्या एका पेजच्या, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्याच्या, अगदी टोकाला ठेवायचे आणि उरलेलं टेबल पुढच्या पेजवर. मग पहिलं पेज 'हजर नाही' असं नोंदवायचं. आता चिप सहावी नोंद वाचायला गेली की पेजच सापडत नाही आणि वेगळा अपवाद उठतो, क्रमांक १४चा. त्याची नोंद दुसऱ्या पेजवर सुखरूप असते. कर्नल जागा होतो, पत्त्यावरून सहावी नोंदच हवी होती हे ओळखतो आणि चुकार प्रोग्राम बंद करतो. लिनक्सने पुढे हेच काम टेबलचं पेज फक्त वाचण्यापुरतं ठेवून केलं.

एवढी कसरत करावी लागली, कारण विकल्या गेलेल्या पेंटियममध्ये आत बदल करायची सोयच नव्हती. बाहेरून बदलता येणारा मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्राम, इंटेलने १९९५च्या पेंटियम प्रोपासून आणला, आणि त्या चिपमध्ये ही चूकही नव्हती. पेंटियमच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती झाली. सायरिक्स कंपनीच्या ६x८६ चिपमध्येही १९९७मध्येच असा दोष सापडला: काही मोजक्या सूचनांचं चक्र सुरू झालं की इंटरप्टना, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधणाऱ्या संकेतांना, मध्ये शिरायला वावच मिळत नसे. त्याला 'कोमा बग' म्हणतात.

नोव्हेंबर २०२३मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'रेप्टार' नावाचा दोष उघड केला. मेमरीतला मजकूर हलवणाऱ्या एका सूचनेला अनावश्यक उपसर्ग जोडला की इंटेलच्या नव्या चिपा भरकटत, आणि एका व्हर्च्युअल मशीनमधून, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकातून, अख्खा सर्व्हर कोसळू शकत असे. मायक्रोकोडच्या अपडेटने तो मिटला. ऑगस्ट २०२४मध्ये जर्मनीतल्या सिस्पा संस्थेच्या संशोधकांनी टी-हेड या चिनी कंपनीच्या रिस्क-व्ही (खुल्या सूचनासंचावर चालणाऱ्या) चिपा तपासल्या. त्यांपैकी सी९०६ आणि सी९०८ या दोन चिपांत त्यांना पुन्हा तीच गोष्ट सापडली: कोणतेही अधिकार नसलेल्या प्रोग्रामने दिलेल्या काही सूचना आणि थांबलेला प्रोसेसर.