नॅचरल आहे म्हणून कुत्र्याला चालतं असं काही नाही

आमच्या भुऱ्याला गोचिडांचा त्रास सुरू झाला तेव्हा पहिला सल्ला आला तो लसणाचा. रोज एक पाकळी जेवणात ठेचून घाल, रक्ताला वास येतो, गोचीड जवळ येत नाही. मी म्हटलं अहो लसूण कुत्र्याला विषारी असतो, तर उत्तर ठरलेलं, "नॅचरल आहे ना, मग काय होतंय?"

होतं असं की कांदा आणि लसूण या दोघांत गंधकाची जी संयुगं असतात ती कुत्र्याच्या तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला बिघडवतात, पेशीच्या कडेला त्याची गाठोडी जमतात आणि मग शरीर स्वतःच त्या पेशी मोडीत काढायला लागतं. कच्चा, शिजवलेला, पावडर, कसाही द्या, शिजवल्याने विष उतरत नाही. वाईट भाग म्हणजे हे लगेच दिसत नाही, बऱ्याचदा काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद लालसर होते, कुत्रं मरगळतं आणि तोपर्यंत आपण लसूण दिलेला विसरूनही गेलेलो असतो. एका पाकळीने मोठं कुत्रं मरत नाही हे खरं, पण रोज थोडं थोडं साचतं आणि मुळात त्याने गोचीड जातात याला धड पुरावा नाही, मग कशाला ती रिस्क.

झायलिटॉल तर याहून भारी उदाहरण. शुगरफ्री च्युइंगममध्ये, काही टूथपेस्टमध्ये, काही पीनट बटरमध्ये असलेली ही गोडी पूर्वी बर्च झाडाच्या लाकडापासून काढायचे, म्हणजे नॅचरलच की. माणसाला त्याने विषबाधा होत नाही. कुत्र्याच्या स्वादुपिंडाला मात्र ती साखरच वाटते आणि ते इन्सुलिनचा लोंढा सोडतं, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धाडकन खाली. किलोमागे 0.1 ग्रॅम इतकं पुरतं, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला 1 ग्रॅम, आणि काही च्युइंगमच्या दोन-तीन गोळ्यांतही तेवढं असू शकतं. किलोमागे 0.5 ग्रॅमच्या आसपास गेलं की लिव्हरवरच येतं. चॉकलेटचंही तसंच, त्यातलं थिओब्रोमीन निम्मं व्हायला कुत्र्याच्या शरीरात साधारण साडेसतरा तास लागतात, आपल्याला त्याच्या निम्म्याहून कमी. आणि द्राक्षं-मनुका, यात तर सुरक्षित डोस असा सांगताच येत नाही, एखादं कुत्रं मूठभर खाऊन मजेत आणि दुसऱ्याच्या किडन्या बंद. 2021 पासून संशय टार्टरिक ॲसिडवर आहे, जे द्राक्षात भरपूर असतं आणि जातीनुसार, पिकण्यानुसार कमीजास्त होतं.

म्हणजे कुत्रं हे लहान माणूस नाही. पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन "कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला फक्त कच्चं मांस द्या" असं म्हणणारेही भरपूर भेटतात, त्यांनाही सांगायला हवं. 2013 साली नेचर या विज्ञानाच्या मासिकात एक पेपर आला होता, त्यात लांडगा आणि कुत्रा यांचे जीन्स शेजारी ठेवून बघितले. पिष्टमय पदार्थ पचवणारं अमायलेज बनवायचा जो जीन असतो त्याच्या लांडग्यात 2 प्रती आणि कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं काढल्याचा हा पुरावाच समजा. भात, बटाटा नीट शिजवला असेल तर कुत्र्याला मस्त पचतो.

नुसतं मांस दिलं की काय होतं ते मात्र नीट समजून घ्यायला पाहिजे कारण इथे प्रेमापोटी सगळ्यात जास्त घोळ होतात. कुत्र्याला कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण सारख्या प्रमाणात लागतात, किंवा कॅल्शियम थोडं जास्त, दुपटीपर्यंत. हाडाशिवायच्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या 15-20 पट. रक्तातलं कॅल्शियम तर ठरावीक पातळीवर ठेवायलाच लागतं, मग शरीर ते स्वतःच्या हाडांतून उपसतं. पिल्लू असेल तर पाय वाकतात, हाडं कागदासारखी मोडतात आणि मालक म्हणतो रोज अर्धा किलो चिकन देतो हो, अजून काय द्यायचं. आता यावर कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करायच्या असं वाटेल, तर मोठ्या जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही, ते आत जातं आणि हाडांची वाढ वेडीवाकडी होते. व्हिटॅमिन डीसुद्धा त्यांना उन्हातून पुरेसं बनवता येत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. (व्हिटॅमिन सी मात्र ते लिव्हरमध्ये स्वतः बनवतात, त्यामुळे निरोगी कुत्र्याला त्याच्या गोळ्या द्यायची गरज नाही.) अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठातल्या लोकांनी 2013 मध्ये घरी करायच्या डॉगफूडच्या 200 रेसिपी तपासल्या, पुस्तकातल्या, वेबसाइटवरच्या, काही तर व्हेटनी लिहिलेल्या, आणि 95 टक्के रेसिपींत किमान एक तरी पोषक घटक कमी निघाला. घरचं देऊ नका असं मी म्हणत नाही, पण रेसिपी प्राण्यांच्या आहारातल्या तज्ज्ञाकडून बनवून घ्या आणि मग त्यातलं "हे नसलं तरी चालेल" करून काही गाळू नका.

आता किती द्यायचं. हा भाग सगळे पटकन उरकतात आणि मला विचाराल तर औषध इथेच आहे. वजनाचा घन करा, दोनदा वर्गमूळ काढा, 70 ने गुणा, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला 394 कॅलरी येतात, नुसतं पडून राहायला एवढ्या. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यासाठी त्याची 1.6 पट, म्हणजे सुमारे 630, आणि इथून पुढे वजन बघत कमीजास्त करायचं. 20 किलोला दुप्पट नाही बरं का, पडून राहायच्या 662 च येतात, आणि इथेच मोठ्या कुत्र्यांचे मालक फसतात. खाऊ-बिस्किटं सगळी मिळून दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे 63 कॅलरी. 20 ग्रॅमचा चीजचा एक तुकडा साधारण 80 चा असतो. झालं, कोटा संपला.

फॉर्म्युला नको असेल तर हात वापरा. एका हाताची मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या गाठींवरून फिरवा, तसं बरगड्यांवर लागलं तर कुत्रं हडकलंय. मूठ सोडून पंजा सरळ करा, पंजाच्या मागच्या बाजूवरून बोटं फिरवा, असं लागलं तर एकदम बरोबर. तळहाताच्या गुबगुबीत भागासारखं लागलं, म्हणजे बरगडी शोधावीच लागली, तर वाटी कमी करायची वेळ आलीय. प्युरिना या डॉगफूड कंपनीने 48 लॅब्राडॉरवर एक अभ्यास केला होता, जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला, आणि हे पिल्लू असल्यापासून मरेपर्यंत. 2002 मध्ये निकाल छापून आला, कमी खाणारे साधारण 1.8 वर्षं जास्त जगले आणि सांधेदुखीच्या औषधाची वेळही त्यांच्यावर सुमारे 3 वर्षं उशिरा आली. एवढा रिझल्ट देणारी एखादी जडीबुटी असती तर लोकांनी रांगा लावल्या असत्या.

घरगुती उपाय सगळेच फालतू असं नाही. उकडलेला लाल भोपळा, बिनमिठाचा, चमचा-दोन चमचे, हा मी स्वतः वापरतो. त्यातला विरघळणारा फायबर पाणी धरतो, त्यामुळे पातळ शी घट्ट होते आणि कडक असेल तर मऊ, दोन्हीकडून चालणारं तसं दुसरं पटकन आठवत नाही. पण शीमध्ये रक्त असेल, सारखी उलटी होत असेल किंवा लहान पिल्लू असेल तर भोपळा राहू द्या, सरळ व्हेट गाठा. सांध्यांसाठी फिश ऑइलला बऱ्यापैकी पुरावा आहे, डोस व्हेटला विचारून, आणि कॉड लिव्हर ऑइल त्याऐवजी नको कारण त्यात ए आणि डी व्हिटॅमिन साचत जातात. जवसाचं तेल त्याची जागा घेत नाही, त्यातलं ओमेगा 3 कुत्र्याच्या शरीरात उपयोगी रूपात फार थोडं बदलतं. टी ट्री ऑइल अंगाला लावू नका, कुत्रं ते चाटतं, कातडीतूनही जातं, थरथर आणि तोल जाणं सुरू होतं.

हळदीचं मला माझ्यावरच हसू येतं. भुऱ्या अकराचा झाला, जिना चढताना मागचे पाय ओढायला लागला तर मी महिनाभर जेवणात हळद घातली आणि सगळ्यांना सांगत सुटलो की फरक पडतोय. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जेमतेम पोचतं हे मला तेव्हाही माहीत होतं, तरी. कुत्र्यांच्या सांधेदुखीच्या औषधांच्या चाचण्यांत हे नेहमी दिसतं, खोटी गोळी दिलेल्या कुत्र्यांचे मालकही सांगतात की आता बरं चालतो, व्हेटनाही तसंच वाटतं आणि जमिनीत बसवलेली जी प्लेट पाय किती जोरात टेकतोय ते मोजते ती म्हणते काही बदललेलं नाही. कुत्र्याला कुठे माहीत गोळी खरी की खोटी, प्लासिबो आपल्यालाच लागू पडतो.

मग मी दर रविवारी जिन्याचा व्हिडिओ काढायला लागलो, त्याच बारा पायऱ्या, सकाळी जेवणाआधी. हळदीच्या अजून चार आठवड्यांत 14 सेकंद ते 14 सेकंद. त्यानंतर हळद बंद केली, किचनच्या वजनकाट्यावर त्याचं खाणं मोजायला लागलो आणि 31 किलोवरून 27 वर यायला त्याला पाच महिने लागले. परवाच्या व्हिडिओत 9 सेकंद आहेत, आणि वर पोचल्यावर तो मागे वळून बघतोय की हा अजून खालीच का उभा आहे.