वळण कोण कोणाला लावतं?

मराठीत मुलांविषयीच्या दोन म्हणी शेजारी शेजारी नांदतात. 'खाण तशी माती' ही एक, 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही दुसरी. पहिलीत सगळं आईबापांकडून येतं, दुसरीत मूल आपला स्वभाव सोबत घेऊनच जन्माला येतं. पाळण्यातले ते पाय रात्री दोन वाजता लाथा झाडू लागले की पाळणा हलवणाऱ्या बाईचं काय होतं, ती कशी बदलत जाते, हे मात्र दोन्ही म्हणींत नाही. 'वळण लावणं' हा आपला शब्दप्रयोगही एकाच दिशेने चालतो. मोठ्यांनी लावायचं, लहानांनी लावून घ्यायचं.

मूलही आईबापांना वळण लावत असतं, हे कुठल्याही बाळंतिणीला ठाऊक असतं. मानसशास्त्राला मात्र ते नीट मान्य व्हायला १९६०चं दशक उजाडावं लागलं. त्या उशिराची किंमत असंख्य आयांनी मोजली.

एकेरी दिशेचा विचार जुना आणि सर्वदूरचा आहे. पाच वर्षं लाड करावेत, पुढची दहा वर्षं शिक्षा करावी आणि सोळावं लागलं की मुलाशी मित्रासारखं वागावं, असा श्लोक चाणक्याच्या नावावर आपल्याकडे शतकानुशतकं सांगितला गेला. त्यात वय वाढतं तसं बापाचं वागणं बदलतं खरं, पण ठरवणारा बापच. विसाव्या शतकात हाच विचार शास्त्राचा पोशाख घालून आला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन हे वर्तनवादाचे, म्हणजे मनापेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या वागण्याचाच अभ्यास करावा या विचाराचे प्रणेते. धडधाकट बाळं आणि आपल्या मनासारखी परिस्थिती हाती दिली तर कुठल्याही बाळाचा डॉक्टर, वकील किंवा चोर घडवून दाखवेन, असा त्यांचा दावा होता. १९२८ साली त्यांनी पालकांसाठी पुस्तक लिहिलं. मुलांना कवटाळू नका, मांडीवर घेऊ नका, अगदीच राहवलं नाही तर रात्री कपाळाची एक पापी घ्या आणि सकाळी हस्तांदोलन करा, असा त्यातला सल्ला. घड्याळ बघून पाजण्याचे नियमही त्याच काळातले. बाळ रडलं तरी वेळ झाल्याशिवाय घ्यायचं नाही. रडणं म्हणजे बाळाने आईला सांगितलेली गोष्ट आहे, ही शक्यताच त्या सल्ल्यात धरलेली नव्हती.

या विचाराचा सर्वांत क्रूर घाव स्वमग्न मुलांच्या आयांवर पडला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, हे निदान वैद्यकात रुजलं. ही मुलं जन्मापासूनच अशी असावीत असं त्यांनी तेव्हा लिहिलं होतं, पण त्याच लेखात त्यांच्या आईबापांच्या कोरडेपणाचीही नोंद होती. १९४९ मध्ये त्यांनी या घरांना रेफ्रिजरेटरची उपमा दिली आणि ती उपमाच पुढे सगळीकडे गेली. शिकागोत मुलांची निवासी शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात तिला सिद्धान्ताचं रूप दिलं. आईला मूल मनातून नकोसं असतं, म्हणून ते आत मिटून जातं, असा तो सिद्धान्त.

आता त्या आईच्या जागी उभं राहून बघावं. तुम्ही बाळाकडे बघून हसता, ते नजर देत नाही. उचलून घेता, ते अंग ताठ करतं. हाक मारता, ते वळत नाही. असं महिनोन्‌महिने चाललं तर कुणाचंही हसणं हळूहळू आटतं, हालचाली जपून होऊ लागतात, चेहरा थकतो. मग दवाखान्यात डॉक्टर तो थकलेला चेहरा बघतात आणि कारण सापडलं म्हणून लिहून घेतात. परिणामालाच कारण ठरवलं गेलं. हे वाचताना मला आजही संताप येतो.

ही चूक मोडून काढण्यात एका बापाचा मोठा वाटा होता. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. आपली बायको कशी आहे हे ते रोज बघत होते. त्यांनी उपलब्ध संशोधन खणून काढलं आणि १९६४ साली पुस्तक लिहून दाखवलं की मूळ मेंदूच्या घडणीत आहे, आईच्या मायेत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी अशा मुलांच्या पालकांची राष्ट्रीय संघटना उभी करायला हातभार लावला. १९६९ मध्ये त्याच संघटनेच्या सभेत खुद्द कॅनर यांनी पालकांना दोषमुक्त ठरवलं. मुलाने बापाला कसं घडवावं याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

याच काळात न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे डॉक्टर दांपत्य वेगळ्याच वाटेने त्याच ठिकाणी पोहोचत होतं. १९५६ पासून त्यांनी १३३ मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. साधारण ४० टक्के बाळं सोप्या स्वभावाची, १० टक्के अवघड, १५ टक्के नव्या गोष्टीला सावकाश रुळणारी आणि उरलेली यांपैकी कशातच न बसणारी, असं त्यांना आढळलं. दोन-तीन मुलं वाढवलेल्या बाईला यात नवल वाटणार नाही. थोरला गादीला पाठ टेकताच झोपायचा आणि धाकटीने घर डोक्यावर घेतलं, ही घरोघरची कहाणी आहे. त्यांचं पुढचं म्हणणं जास्त मोलाचं होतं. अवघड स्वभाव म्हणजे वाईट भविष्य नव्हे. मुलाचा स्वभाव आणि घराची अपेक्षा यांची जुळणी होते की नाही, यावर पुढचं बरंचसं अवलंबून असतं.

मग १९६८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले रिचर्ड बेल यांनी एक लेख लिहिला आणि साधा प्रश्न विचारला. मार खाणारी मुलं जास्त आक्रमक असतात असं अभ्यासांत दिसतं. त्यावरून मारामुळे मूल आक्रमक झालं असं आपण म्हणतो. मूल आक्रमक म्हणून आईबाप मारण्यापर्यंत गेले, असं का नसेल? आकडे दोन्ही बाजूंनी सारखेच बसतात. वाचणारा त्यांना एकाच बाजूने वाचत आला होता.

हा प्रश्न प्रयोगाने तपासता येत होता. बार्कली आणि कनिंगहॅम यांनी १९७९ मध्ये अतिचंचल मुलांना औषध देऊन मायलेकरांना एकत्र बघितलं. औषधाने मूल शांत झाल्यावर आईचं हुकूम सोडणंही कमी झालं. गोळी मुलाने घेतली आणि बदलली आईसुद्धा. १९८६ चा अँडरसन, लिटन आणि रोम्नी यांचा प्रयोग तर फारच सुंदर आहे. वर्तनाच्या गंभीर तक्रारी असलेल्या मुलांच्या आया आणि इतर मुलांच्या आया यांची त्यांनी अदलाबदल केली. परक्या त्रासदायक मुलाबरोबर बसवल्यावर शांत मुलाची आईसुद्धा जास्त हुकूम सोडू लागली, नकारात्मक बोलू लागली. 'आमच्याकडे असता तर सरळ केला असता' असं शेजारच्या मुलाबद्दल म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग ध्यानात ठेवावा.

इथे एक धोका आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. 'मूलच तसं, मग मार खाणारच' असा बेल यांच्या प्रश्नाचा अर्थ काढणं ही निव्वळ पळवाट आहे. दोघं एकमेकांवर परिणाम करतात म्हणून दोघांची जबाबदारी सारखी होत नाही. घराची किल्ली, पैसा, शारीरिक ताकद आणि वर्षांचा अनुभव मोठ्यांकडे असतो.

दोघं एकमेकांना नेमकं कसं शिकवतात, हे उलगडून दाखवलं ते ऑरेगनमधल्या जेराल्ड पॅटर्सन यांनी. त्यांची माणसं लोकांच्या घरी जाऊन बसत. टीव्ही बंद ठेवायचा, सगळ्यांनी एक-दोन खोल्यांतच वावरायचं आणि निरीक्षक काही सेकंदांच्या अंतराने कोण काय करतंय ते टिपणार. त्यातून जे दिसलं ते आपल्या वाण्याच्या दुकानापुढे रोज दिसतं. मूल चॉकलेट मागतं, आई नाही म्हणते. मूल भोकाड पसरतं. चार लोक बघायला लागतात, आई चॉकलेट देते. मूल शिकलं की भोकाड पसरलं की मिळतं, हे सगळ्यांनाच कळतं. पॅटर्सननी दुसरी बाजू धरली. दिल्याबरोबर रडणं थांबलं, म्हणजे आईलाही बक्षीस मिळालं. पुढच्या वेळी ती जरा लवकर देईल. आणि तिने जोरात ओरडून मूल गप्प केलं, तर ओरडण्याचा उपयोग होतो हे ती शिकते. मग मूल आणखी वर चढतं आणि आईही. या चढाओढीला त्यांनी जबरदस्तीचं चक्र म्हटलं आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या कामातूनच पालकांना शिकवण्याच्या पद्धती घडत गेल्या. मूल नीट वागत असताना त्याची दखल घ्यायची, शिक्षा छोटी पण ठरलेली असावी, धमकी दिली की ती पाळायची. आपल्याकडे हट्टी म्हणून मुलावर शिक्का मारतात आणि लाडावून ठेवलं म्हणून आईवर. हट्ट त्या दोघांच्या मधल्या जागेत वाढतो.

आपल्या भागात अशी एक गोष्ट प्रयोगशाळेविनाच घडली. सौराष्ट्रात वकिली करणाऱ्या गिजुभाई बधेकांना १९१३ मध्ये मुलगा झाला. त्याला कसं वाढवावं हा प्रश्न त्यांना इतका लागला की त्यांनी माँटेसरी पद्धत वाचून काढली, वकिली सोडली आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिश्यावाली आई म्हणू लागले. १९२३ मध्ये मुंबईच्या ताराबाई मोडक तिथे गेल्या. 'शिक्षणपत्रिके'तून त्या दोघांनी शिक्षकांइतकंच आईबापांनाही शिकवायला घेतलं. पुढे ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीला, नंतर कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. अंगणवाडी तिथली. मुलं कामावर जाणाऱ्या आईबापांबरोबर असत, धाकट्या भावंडांना सांभाळत आणि गुरं राखत. शाळेने त्या दिनक्रमाशी जुळवून घेतलं, गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. वळण घ्यायची पाळी इथे शिक्षिकांवर आली आणि त्यांनी ती मनापासून घेतली.

या सगळ्या इतिहासात मराठीची एक स्वतःची जागा आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नाही. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये मराठी आया बाळांशी कशा बोलतात यावर इंग्रजीत निबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या अशा बोलीची तुलना केली. अरबी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी, स्पॅनिश आणि मराठी. मम्मम्, भूभू, माऊ, जोजो, भुर्र, बाऊ ही आपली संपत्ती त्या तुलनेत सामील झाली. हे शब्द मोठ्यांनी मुलांना दिलेले असतात आणि तरी ते मुलांच्या तोंडाला येईल अशा मापाने कापलेले असतात. दोन ओठ जुळले की होणारे म, प, भ, ब. पुष्कळदा एकच अक्षर दोनदा. वेगवेगळ्या व्यंजनांचं जोडाक्षर नाही. कैक पिढ्यांच्या बाळांनी मोठ्यांकडून हे करून घेतलं आहे.

आठ वर्षांनी कॅथरीन स्नो यांनी हीच गोष्ट मोजून दाखवली. आयांना त्यांनी मुलासमोर बोलायला सांगितलं आणि मग मूल नसताना, त्याला नंतर ऐकवण्यासाठी, टेपवर बोलायला सांगितलं. आपण लहानाशी बोलतोय हे दोन्ही वेळा आईला माहीत होतं. तरी मूल समोर असताना तिची वाक्यं जास्त सोपी झाली, बोलण्यात पुनरुक्ती वाढली. मुलाची नजर भरकटली की ती थांबते, पुन्हा सांगते, शब्द बदलते. आईला बोलायला शिकवणारा तो चेहरा टेपपुढे नव्हता.

बाप यातून सुटत नाहीत. फिलिपाइन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुणांच्या लाळेचे नमुने काही वर्षांच्या अंतराने तपासले गेले आणि निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जे मधल्या काळात बाप झाले त्यांच्यातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक इतरांपेक्षा खूपच उतरलेलं होतं, आणि रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करणाऱ्यांत ते आणखी कमी होतं.

आमच्या घरात हे शरीरापर्यंत गेलं की नाही ते तपासायला कुणी आलं नाही. जिभेपर्यंत मात्र नक्की गेलं. माझी मुलगी दीड वर्षाची असताना चपलेला 'पप्पल' म्हणायची. आता ती कॉलेजात आहे. तिचे आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवलेले. संध्याकाळी फिरायला निघताना दारात उभे राहून ते आजही विचारतात, "अगं, माझी पप्पल कुठे ठेवलीस?"