डॉलरमागचं फंक्शन

जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतून वेबपानावरचं एखादं बटण हाताळायचं, तर आधी ते शोधून काढावं लागतं. त्यासाठी 'डॉक्युमेंट', मग टिंब, मग 'क्वेरीसिलेक्टर' असं लिहायचं. टिंब धरून इंग्रजीत ही २२ अक्षरं झाली, आणि नेमकं कोणतं बटण हवंय ते कंसात लिहायचं अजून बाकीच! म्हणून बरेच प्रोग्रामर फाइलीच्या सुरुवातीलाच हेच शोधायचं काम करणारं $ नावाचं छोटंसं फंक्शन, म्हणजे नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा, लिहून ठेवतात.

या भाषेच्या १९९९ सालच्या मानकात डॉलरचं चिन्ह फक्त यंत्राने तयार केलेल्या कोडसाठी आहे, असं म्हटलं होतं. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. २००५ मध्ये 'प्रोटोटाइप' या लायब्ररीने, म्हणजे तयार कोडच्या संचाने, $ वापरलं आणि २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरी या लायब्ररीने ते घरोघरी नेलं.

आता लायब्ररी नको, फक्त तेवढी सोय हवी, असं म्हणून सुचणारा पहिला उपाय म्हणजे $ = डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टर. दिसायला बिनचूक, पण वापरायला गेलं की क्रोम 'इल्लीगल इन्व्होकेशन' (चुकीच्या पद्धतीने बोलावलं) म्हणून अडून बसतो. कुठे शोधायचं हे क्वेरीसिलेक्टरला स्वतःला ठाऊक नसतं. बोलावताना टिंबाच्या डावीकडे जे असेल, ते त्याला 'धिस' म्हणून मिळतं आणि त्याच्या आत ते शोधतं. नुसतं $ म्हणून हाक मारली की डावीकडे काहीच उरत नाही.

'बाइंड' वापरून डॉक्युमेंट कायमचं जोडून देता येतं. मला मात्र ॲरो फंक्शन (=> बाणाने लिहायचं आटोपशीर फंक्शन) बरं वाटतं: सिलेक्टर, म्हणजे कोणता घटक हवाय ते सांगणारा मजकूर, घ्यायचा आणि आत ते लांबलचक नाव एकदाच लिहायचं. शिवाय कुठे शोधायचं हा दुसरा पॅरामीटर (फंक्शनला द्यायची माहिती) ठेवता येतो, म्हणजे एका फॉर्मपुरताच शोध घेता येतो.

सिलेक्टरशी जुळणारे सगळे घटक हवे असतील तर जोडीला $$ नावाचं दुसरं फंक्शन. त्याच्या आतलं 'क्वेरीसिलेक्टरऑल' जी यादी देतं, तिच्यावर 'फॉरईच' (प्रत्येक घटकावर काही करणं) चालतं, पण 'मॅप' (प्रत्येकापासून नवं काही बनवणं) आणि 'फिल्टर' (हवे तेवढे निवडणं) चालत नाहीत. तेव्हा $$ मध्येच 'ॲरे.फ्रॉम' लावून त्या यादीचा साधा ॲरे करून टाकावा.

काहीच सापडलं नाही तर क्वेरीसिलेक्टर गुपचूप 'नल' (म्हणजे 'काहीच नाही') देतं आणि एरर येते ती पुढच्या कुठल्या तरी ओळीवर. $ च्या आतच तपासणी करून, न सापडलेला सिलेक्टर एररमध्ये छापला, तर आयडीतलं चुकलेलं अक्षर तिथेच दिसतं. टायपिंग वाचण्यापेक्षा मला ही सोय मोलाची वाटते.