घटपर्णीच्या पानांवरची लव कीटक पकडत नाही

घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीच्या काही जातींच्या पानांवर आणि खोडावर दाट लव असते. ही लव कीटकांना अडकवते आणि पचवते, असे कोणाला वाटू शकते. ते चुकीचे आहे. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या केसांच्या टोकांशी चिकट स्राव असतो आणि शिकार तिथेच अडकते. घटपर्णीच्या पानांवरची लव मात्र कोरडी असते. तिची शिकार पानाच्या टोकाशी असलेल्या घटाच्या निसरड्या काठावरून आतील द्रवात पडते आणि तिथेच पचते.

मग ही लव कशासाठी? वनस्पतींमध्ये अशी लव सामान्यतः कोवळे भाग कुरतडणाऱ्या किड्यांना अडथळा करते आणि प्रखर उन्हाची झळ कमी करते. केवळ थंडीपासून बचाव, हे उत्तरही मला अपुरे वाटते, कारण बोर्निओतील किनाबालू पर्वतावर २,३०० मीटरांहून अधिक उंचीवर वाढणारी नेपेंथिस व्हिलोसा ही घटपर्णीची जात जशी केसाळ आहे, तशीच त्याच बेटावरच्या सखल, उष्ण जंगलांतही आढळणारी नेपेंथिस व्हीचाय ही जातही केसाळ आहे.

शिकारीला मदत करणारे केस वेगळे. दक्षिण अमेरिकेतील हेलिअँफोरा न्यूटन्स या दुसऱ्या घटधारी कीटकभक्षी वनस्पतीच्या घटाच्या आतल्या बाजूस खाली वळलेले केस असतात, आणि ते पावसाने भिजले की त्यांवरून मुंग्या घसरतात.