विमानाने पाठवलेल्या मालाचा माग : नंबर कोणता, कुठे टाकायचा, कागद कोणते

बेळगावच्या उद्यमबाग, होनगा, काकती भागातले कारखानदार सुटे भाग परदेशी पाठवतात तेव्हा माल बहुतेक वेळा ट्रकने मुंबई किंवा बेंगळूर गाठतो आणि तिथून विमानात चढतो. गाडी सुटली की पुढचं सगळं फॉरवर्डरच्या, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटच्या, फोनवर सोडलं जातं. तसं करू नका. माग काढायला परवाना, लॉगिन, फी यातलं काहीच लागत नाही. एअर वेबिलचा, म्हणजे विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावतीचा, नंबर ज्याच्याकडे आहे, त्याला विमान कंपनीच्या साईटवर स्थिती दिसते.

हा नंबर ११ अंकी असतो. पहिले ३ अंक कंपनीचे : एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६. पुढचे ८ त्या पाठवणीचे, आणि त्यातला शेवटचा अंक पडताळणीचा. आधीच्या ७ अंकांच्या संख्येला ७ ने भागून उरणारी बाकी म्हणजे तो अंक. १२३४५६७ ला भागलं तर बाकी ५, म्हणून नंबर १२३४५६७५. फोनवरून लिहून घेतलेला नंबर चुकीचा वाटला तर आधी हे करून बघा.

फॉरवर्डर अनेकांचा माल एकत्र पाठवतो तेव्हा तुम्हाला मिळतं ते त्याचं स्वतःचं, म्हणजे हाऊस वेबिल. तो नंबर विमान कंपनीकडे चालत नाही. तिथे मास्टर नंबर, म्हणजे विमान कंपनीच्या वेबिलचा नंबर, लागतो. बुकिंग होताच दोन्ही मागून घ्या.

स्थिती वाचताना घाई नको. बीकेडी म्हणजे फक्त जागा धरली, माल अजून गोदामातही असेल. आरसीएस आलं की कंपनीने माल ताब्यात घेतला. डीईपी म्हणजे विमान सुटलं, आरसीएफ म्हणजे उतरवून घेतला, एनएफडी म्हणजे घेणाऱ्याला कळवलं, डीएलव्ही म्हणजे सुपूर्द. प्रत्येक ओळीपुढे नगांची संख्या असते, ती नक्की बघा. ६ पेट्या दिल्या आणि डीईपीपुढे ४ दिसल्या, तर २ मागे राहिल्यात. ग्राहकाने विचारण्याआधी तुम्हीच त्याला कळवा.

कस्टम्सचा माग वेगळा. आइसगेट या कस्टम्सच्या साईटवर शिपिंग बिलाचा (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरलेल्या अर्जाचा) नंबर, तारीख आणि ठिकाणाचा कोड (मुंबई विमानतळ आयएनबीओएम४, बेंगळूर आयएनबीएलआर४) टाकला की निर्यातीची परवानगी, म्हणजे एलईओ, मिळाली का ते कळतं. ईजीएम, म्हणजे देशाबाहेर गेलेल्या मालाची विमान कंपनीने द्यायची यादी, दाखल झालं का तेही तिथेच तपासा. आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) भरून माल पाठवला असेल तर ईजीएमशिवाय त्याचा परतावा अडकतो, आणि लहान कारखान्याचं खेळतं भांडवल त्यातच गुंततं.

निर्यात करायला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, हवा. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक जोडून डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साईटवर अर्ज करायचा, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून दरम्यान माहिती अद्ययावत केली नाही तर तो बंद पडतो. शिवाय जीएसटी नोंदणी आणि कस्टम्सकडे नोंदवलेला एडी कोड, म्हणजे परकी चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँकेचा कोड, लागतो. पाठवणीसोबत इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि ई-वे बिल (रस्त्याने माल नेण्यासाठीचा जीएसटीचा कागद) द्यायचं. ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला १ दिवस. मुंबई काय, बेंगळूर काय, इथून साधारण ५०० किलोमीटर, म्हणजे ३ दिवस मिळतात.

माल फुटून पोहोचला तर विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारानुसार घेणाऱ्याने १४ दिवसांत, उशिरा मिळाला तर २१ दिवसांत विमान कंपनीला लेखी कळवायचं. फोनवर सांगितलेलं धरलं जात नाही. ग्राहकाला ही मुदत माल पाठवतानाच कळवा आणि स्थितीच्या प्रत्येक टप्प्याचा तारखेसह स्क्रीनशॉट फाईलला लावा.