जुन्या जीपला इंजिन बदलताना हिशोब चाकापासून सुरू करा

विदर्भातल्या खेड्यांमध्ये अजूनही एखाद्या वाड्यामागे किंवा गोठ्याशेजारी अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या वळणाची महिंद्रा जीप उभी दिसते. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीपची जोडणी भारतात सुरू केली. तो सांगाडा इतका दणकट की चेसिस शाबूत आणि इंजिन मात्र संपलेलं, अशी गाडी मिळणं नवल नाही. मग मालक मिस्त्रीला विचारतो, "भाऊ, याच्यात कोणतं इंजिन बसते?" आणि बोलणं थेट हॉर्सपॉवरवर जातं. माझ्या मते इथेच गाडा चुकीच्या वाटेला लागतो. इंजिन सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं.

आधी चाकाकडे पाहू. जुन्या साइड-व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या, विलीज इंजिनाची ताकद जेमतेम ६० हॉर्सपॉवर. पण त्याचा टॉर्क, म्हणजे शाफ्ट पिळण्याचा जोर, सुमारे १४० न्यूटन-मीटर आणि तोही मिनिटाला २००० फेऱ्यांवरच मिळतो. पुढे हा जोर तीन ठिकाणी वाढतो. गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरमध्ये २.८ पट, ट्रान्सफर केसच्या (जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) 'लो'मध्ये, म्हणजे सावकाश चालीत, २.४६ पट आणि डिफरन्शियलच्या (चाकांच्या आखावरची गिअरपेटी) क्राउन-पिनियनमध्ये, म्हणजे तिथल्या दात्यांच्या जोडीत, ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार ३७. घर्षणातलं नुकसान सोडलं, तर चारही चाकांवर मिळून ५००० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त.

आता जमीन किती पेलते? माल-माणसांसकट गाडीचं वजन १३०० किलो धरा. विदर्भातल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी आपल्या थरांमध्ये ओढून घेते, फुगते आणि वरून बुळबुळीत होते. अशा ओल्या मातीवर पकडीचा गुणांक ०.३ धरला, म्हणजे वजनाच्या तीन दशांशाइतकीच पकड मिळते असं मानलं, आणि चाकाची त्रिज्या ३६ सेंटीमीटर, तर १४०० न्यूटन-मीटरच्या आतच टायर घसरायला लागतात. म्हणजे हे ऐंशी वर्षांपूर्वीचं इंजिनही माती पेलू शकते त्याच्या तिपटीहून जास्त जोर देतं. श्रावणात जीप बांधावर फसते ती टायर आणि माती यांच्यामुळे. तिथे शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन टाकलं तर चाक फक्त जास्त वेगाने गरगरेल आणि खड्डा लवकर खोल होईल.

गिअरच्या या साखळीची दुसरी बाजू वेगाची आहे. याच गुणोत्तरामुळे 'लो'च्या पहिल्या गिअरमध्ये इंजिन १००० फेऱ्यांवर असताना जीप ताशी साडेतीन किलोमीटरने, माणसाच्या चालीने सरकते. टॉप गिअरमध्ये ३००० फेऱ्यांवर ती ताशी ७५ च्या आसपास असते. आता एखाद्याने हौसेने साधारण २००० फेऱ्यांवर चालणारं ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं, तर त्याच डिफरन्शियलवर गाडी ताशी पन्नासाच्या पुढे जाणार नाही. त्यावर उपाय म्हणून क्राउन-पिनियन बदलायचं ठरवलं, तर पुढचं आणि मागचं दोन्ही एकाच गुणोत्तराचं हवं. एकच बदललं की फोर-व्हील लावताच पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात. चिखलात ती घसरून सावरतात, पण डांबरावर तो सगळा पीळ ट्रान्सफर केसच्या दातांवर येतो.

आपल्याकडे इंजिनाची खरी परीक्षा मे महिना घेतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आहे असं धरा. हवा २५ अंश असेल तर फरक ७०. चंद्रपुरात पारा ४७ वर गेला की फरक उरतो ४८. तोच रेडिएटर जवळजवळ एक तृतीयांश कमी काम करतो, आणि 'लो'मध्ये रांगणाऱ्या गाडीला समोरून वाराही मिळत नाही. म्हणून जाड कोअरचा रेडिएटर आणि पंख्याभोवती पत्र्याचं कवच हवंच.

याच कारणाने मी डिझेलमध्ये डायरेक्ट इंजेक्शनच्या बाजूने आहे. महिंद्राने काही जीपमध्ये वापरलेल्या २११२ सीसी प्यूजो डिझेलमध्ये इंधन आधी बाजूच्या लहान कप्प्यात पेटतं. त्या कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता पाण्याला देऊन टाकतात. महिंद्राच्याच नंतरच्या एमडीआय या २५२३ सीसी डायरेक्ट इंजेक्शन डिझेलमध्ये ज्वलन थेट पिस्टनवर होतं. उष्णता कमी वाया जाते, डिझेलही कमी लागतं.

इंजिन घ्यायचं तर बेल हाऊसिंग (क्लचभोवतीचं कवच), क्लच आणि गिअरबॉक्ससकट अख्खा संच महिंद्राच्याच जुन्या डिझेल जीपचा घ्यावा. तरी दोन गोष्टी आधी मोजून पाहाव्यात. पहिली म्हणजे आपली ट्रान्सफर केस त्या गिअरबॉक्सला जुळते का. दुसरी, इंजिनाचा ऑइल संप, म्हणजे खालचं तेलाचं भांडं. या जीपचं पुढचं डिफरन्शियल मधोमध नसून उजवीकडे असतं. स्प्रिंगा पूर्ण दबल्या की ते वर येतं आणि संप त्या बाजूला खोल असेल तर त्याला धडकतं.

परकं इंजिन अ‍ॅडॉप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी पट्टी) कातून बसवायचं असेल, तर लेथवाल्याकडे डायल गेज, म्हणजे बारीक फरक मोजणारं काट्याचं मापयंत्र, आहे का हे आधी विचारा. गेज फ्लायव्हीलवर (क्रँकच्या टोकाचं जड चाक) बसवून क्रँक हाताने सावकाश एक फेरा फिरवतात. गेजचं टोक बेल हाऊसिंगच्या गोल भोकाच्या कडेवरून फिरतं आणि काटा थरथरतो. ती थरथर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच राहायला हवी. त्याहून फार जास्त असेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला वाकवला जातो. त्या शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग ओरडतं, क्लच एका बाजूने झिजतो, चालत्या गाडीत गिअर सुटतो. नुसत्या नजरेने यातलं काही कळत नाही.

कागदांचंही पाहा. इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते. ती काम सुरू करण्याआधीच घ्यावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तरच ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. इंजिनात फेरफार केला की तो हक्क जातो. तेव्हा अशा जीपचा मूळ ब्लॉक तडकलेला नसेल, तर मी तोच बोअर करून (सिलिंडर आतून कातून), स्लीव्ह (आतली नवी नळी) घालून उभा करेन. व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या नसतील तर तशा घालाव्या लागतील, कारण शिसं असलेलं पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं आणि त्या शिशाचा थर बैठकांना झिजेपासून वाचवत होता. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, म्हणून इंधनाच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची पॅकिंगं इथेनॉल सोसणाऱ्या रबराची टाकावीत आणि जेट किंचित मोठा करून घ्यावा.