वाडीवरचा वर्ग : कोकणातल्या वैद्यकीय शिक्षणाची पार्श्वभूमी

ग्रँट मेडिकल कॉलेज मुंबईत १८४५ साली उभे राहिले. त्याच किनाऱ्यावरच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र एमबीबीएसचे पहिले महाविद्यालय निघायला २०१५ उजाडले. ते चिपळूण तालुक्यातल्या डेरवणचे. त्यानंतर सिंधुदुर्गातल्या पडव्याचे खासगी महाविद्यालय आले, २०२१-२२ मध्ये अलिबाग आणि ओरोसला सरकारी महाविद्यालये सुरू झाली आणि २०२३-२४ मध्ये रत्नागिरीला. इतकी वर्षे कोकणातली मुले डॉक्टर व्हायला मुंबई-मिरज गाठत होती, आणि दोडामार्ग-सावंतवाडीचा अत्यवस्थ रुग्ण आजही गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेला जातो.

विद्यार्थ्याने गावात शिकावे, हा विचार मात्र जुना आहे. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा मांडला. समाजाचे आरोग्य जाणणारा डॉक्टर घडवायचा तर शिक्षणात प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक हवे, असेही तिने सांगितले. सेवाग्रामच्या महाविद्यालयाने १९६९ पासून विद्यार्थ्यांना गावात मुक्कामाला पाठवायची पद्धत रुजवली. वैद्यकीय शिक्षणावरच्या श्रीवास्तव समितीच्या १९७५ च्या अहवालानंतर, १९७७ मध्ये, प्रत्येक महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यावी अशी केंद्राची योजना आली. जिथे महाविद्यालयच नव्हते, त्या दक्षिण कोकणाच्या वाट्याला तिच्यातले फारसे काही येणे कठीणच होते. बहुतेक ठिकाणी तर ‘पीएसएमची (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाची) पोस्टिंग’ म्हणजे गाडीतून जाऊन सह्या करून येणे, इतकाच तिचा अर्थ उरला. ही त्या योजनेची मोठी शोकांतिका होती, असे मला वाटते.

गावातले प्राथमिक केंद्र काय शिकवू शकते, हे मात्र कोकणानेच दाखवून दिले आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले फुप्फुसात पाणी भरून दगावत होती. मोठ्या रुग्णालयांपर्यंत असे रुग्ण जिवंत पोहोचतच नसत, त्यामुळे शहरातल्या शिक्षकांनी हा आजार फारसा पाहिलेलाच नव्हता. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून घाम, नाडी, रक्तदाब, थंडगार पडलेले हातपाय यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरातून एक टक्क्याच्या आसपास आले. हे संशोधन एका तालुक्यात, मोजक्या साधनांवर, वर्षानुवर्षे रुग्ण पाहत झाले.

आजही इथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. लावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या पायांवरच्या जखमांतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या तापाचा जंतू शिरतो. २०१६ पासून दोडामार्ग तालुक्यात जंगलातल्या गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडू लागले, आणि तिथे काजूच्या बागेत किंवा जंगलात गेला होतात का, हा प्रश्न तपासणीइतकाच महत्त्वाचा ठरतो. फुरसे या विषारी सापाचा दंश रक्त गोठू देत नाही, ते ओळखायला काचेची स्वच्छ नळी आणि वीस मिनिटे पुरतात. ही नळी हातात धरून वाट पाहायला जो इंटर्न शिकला, तो पुढे कुठेही घाबरणार नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक उपक्रम आणला, म्हणजे विद्यार्थ्याने गावातल्या काही कुटुंबांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचे; पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत तीन महिने काम सक्तीचे झाले. कोकणासाठी हे मोलाचे आहे, पण इथली घरे सपाट गावठाणातल्यासारखी एका रांगेत नसतात. एक वाडी सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, दुसरी खाडीपलीकडे. कर्ता माणूस मुंबईला, घरात आजी आणि नातवंडे. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की तेच कुटुंब दुप्पट होते. म्हणून एका भेटीत भरलेला तक्ता इथे खोटे चित्र उभे करतो. आशाताईंबरोबर वर्षभर, विशेषतः पावसात, त्याच उंबऱ्यावर पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय आजीचा रक्तदाब गोळ्या असूनही का उतरत नाही, हे कळत नाही.

या विद्यार्थ्यांना शिकवणार कोण, हा प्रश्न मला सगळ्यात निकडीचा वाटतो. केंद्रातला वैद्यकीय अधिकारी ओपीडी, लसीकरण, बैठका आणि ऑनलाइन नोंदींत बुडालेला असतो. त्याला शिक्षकाचा दर्जा, मानधन आणि त्यासाठी राखीव वेळ मिळायला हवा. मुलींसह सर्व विद्यार्थ्यांना केंद्राजवळ सुरक्षित मुक्कामाची सोय हवी, कारण विंचवाचा आणि फुरशाचा रुग्ण शेवटची एसटी निघून गेल्यावरही येतो.